कड्यावरचा ट्रायपॉड

सन २०१६, आश्विनाचा पहिला आठवडा. पाऊस उघडला होता आणि वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणारी कारवी फुलून डोंगराचा उतार जांभळा झाला होता. त्या डोंगराच्या जंगलात एक कोल्हा राहत असे. त्याच्याजवळ एक जड कॅमेरा होता आणि त्याचा त्याला फार तोरा होता. जवळच्याच झाडावर एक म्हातारा वानर होता. कोल्हा पिल्लू असताना बिबट्या त्याच्यावर दबा धरून बसला होता. वानराने वरून खाकरून इशारा दिला, म्हणून तो वाचला. आता वानराचे गुडघे गेले होते. तो म्हणाला, "कोल्होबा, उपकार फेडीन, फेडीन म्हणतोस ना? मग कड्यावरून दिसणारी फुललेली दरी एकदा दाखव. पुढच्या बहराला मी नसेन." बहर उरला होता चार दिवसांचा.

मुलांनो, पहाटे उजेड कमी असतो. कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात तो केसभर हलला, तरी चित्र पुसट होते. म्हणून कोल्हा ट्रायपॉड घ्यायला सुतार पक्ष्याकडे गेला. सुताराचा एक नियम होता. ट्रायपॉडच्या हेडवर, म्हणजे कॅमेरा बसतो त्या भागावर, गिऱ्हाइकाने कॅमेऱ्याच्या वजनाचा दगड बांधायचा, हेड पुढे वाकवून स्क्रू आवळायचा आणि सुताराचे एक भोक कोरून होईपर्यंत गप्प बघत बसायचे. कोल्ह्याने सर्वांत उंच, काडीसारख्या पायांचा ट्रायपॉड उचलला.

"आधी दगड बांध," सुतार म्हणाला.

"हा बांधला. ढळला का?"

"सरळ ठेवल्यावर कुणाचा ढळतो? दरी खाली आहे. हेड खाली वाकव."

"काका, मी कोल्हा आहे, गाढव नाही. मला कडा चढायचाय, ओझी वाहायची नाहीत. हा हलका आहे, हाच नेतो."

"बरं. ने."

दुसऱ्या दिवशी पहाटे कड्यावर वारा सुटला. ट्रायपॉडचे पाय थंडी भरल्यासारखे कापू लागले. कॅमेरा दरीकडे वाकवला, तर हेड जेवणानंतर डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखे हळूहळू मान टाकू लागले. एका चित्रात सगळी दरी पुसट आली, दुसऱ्यात कोल्ह्याचेच पंजे. तिसऱ्या खेपेला सगळेच कलंडले. पट्टा दातांत धरला म्हणून कॅमेरा दरीत जाता जाता राहिला. त्यापुढच्या पहाटेही तेच. त्यातल्या त्यात बरे चित्र घेऊन तो वानराकडे गेला.

"धुकं आहे का रे?" वानराने विचारले.

"फुलं आहेत, आजोबा."

"माझे गुडघे गेलेत, डोळे नव्हे."

कोल्हा मान खाली घालून सुताराकडे परत आला. "बदलून मिळेल का?" "मिळेल. दगड तिथे पडलाय." कोल्ह्याने या वेळी दगड बांधला, हेड वाकवले आणि शेपूट आवरून बसला. पहिल्या ट्रायपॉडचे पाय लटपटले. दुसऱ्याचे पाय खंबीर, पण हेड बोटभर घसरले. तिसरा बुटका, जाड पायांचा, पायांना लोखंडी टोके, हेड मुठीएवढे. भोक कोरून झाले तरी दगड जागचा हलला नाही. "जड आहे," कोल्हा पुटपुटला. "आहेच," सुतार म्हणाला.

बहराची शेवटची पहाट. कोल्हा धापा टाकत, चार ठिकाणी बसत कडा चढला. खडकावर ट्रायपॉडचे पाय रुंद रोवले, उंची वाढवणारी मधली दांडी वर काढली नाही, तिच्या खालच्या कडीला दगडांनी भरलेली पिशवी टांगली. वाऱ्याने कोल्ह्याची शेपूट आडवी केली. ट्रायपॉड तसाच उभा राहिला. कोल्ह्याने श्वास रोखून चित्र घेतले.

वानराने ते पुष्कळ वेळ पाहिले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत कारवीचा तुरा न् तुरा वेगळा दिसत होता. मग त्याने कॅमेरा परत दिला. "फिटलं," तो म्हणाला.

तात्पर्य : ज्या वस्तूवर भार टाकायचा, तिला प्रत्यक्ष कामात सोसावे लागेल तसेच सोसायला लावून पारखावे, हाताला हलकी आणि डोळ्यांना बरी वाटली म्हणून घेऊ नये.