चालीतली रिकामी जागा

दळण गिरणीवर जाऊ लागल्याला बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. अडगळीच्या खोलीत बाजाची पेटी आणि सनई कडाकडा भांडत होत्या.

"नाटकात गाजलेली माझी चाल तू चोरलीस!" पेटी म्हणाली.

"चल! वरातीत ती मी आधी वाजवली," सनई फणकारली.

कोपऱ्यातलं जातं वैतागून म्हणालं, "दोघी वाजवून दाखवा बघू."

दोघींनी वाजवली. मधे एकाच जागी दोघीही क्षणभर थांबल्या.

"इथं का थांबलात गं?" जात्याने विचारलं.

"चालच तशी आहे," दोघी म्हणाल्या.

"या घरची राहीबाई माझ्यावर दळताना हेच गायची," जातं म्हणालं. " इथं गाणं थांबवून ती माझ्या तोंडात मूठभर ज्वारी घालायची."

मग पेटीने हळूच चाल धरली, मागोमाग सनई आली. ती जागा आली तेव्हा दोघी जरा जास्तच थांबल्या.

जात्याचं तोंड उघडंच होतं.