एका हाताची तीन मापं

राजे शकुन पाहून जेवायला बसत, त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात वैद्यकीची पाठशाळा होती. तिथे कोणाला घ्यायचं, हे राजाचा मापारी ठरवी. तो मुलाची तर्जनी आणि अनामिका दोऱ्याने मोजायचा. अनामिका तर्जनीपेक्षा जवभर लांब भरली तर मूल हुशार, नाहीतर घरी परत.

एका बुरडिणीची मुलगी, सगुणा, सात वर्षांची होती. रानातला औषधी पाला तिला तोंडपाठ. पण मापाच्या वेळी दोऱ्याने गुदगुल्या झाल्या, ती हसली, बोटं आखडली. मापारी वैतागून म्हणाला, "मंदबुद्धी! पुढचा!"

बुरडीण जन्मभर बांबूच्या कांबट्या मोजत आलेली. बोटाच्या मुळाशी दोन घड्या असतात आणि मापारी कधी वरचीपासून मोजतो, कधी खालचीपासून, हे तिने केव्हाच टिपलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मापारीदादा, पुन्हा मोजा."

"राजाचा मापारी एकदाच मोजतो, बाई."

"मी साध्या सुपासाठी कांबटी दोनदा मोजते. आणि तुम्ही लेकराचं आयुष्य एकदाच मोजता होय?"

गर्दी हसली. गलका ऐकून राजा-राणी बाहेर आले. बुरडिणीने हात जोडले, पण मान खाली घातली नाही. "महाराज, मी विणलेल्या या बांबूच्या तट्ट्यामागे मुलं उभी करा. त्याला पाडलेल्या भोकातून फक्त हात बाहेर येतील. मग मोजू द्या यांना."

राजाने होकार दिला. मुलांवर लक्ष ठेवायला राणी स्वतः तट्ट्यामागे उभी राहिली. एकामागून एक हात बाहेर आले. मापाऱ्याची नजर फक्त दोऱ्यावर.

शेवटी राणी पुढे आली. "यातला तिसरा, सहावा आणि नववा हात एकट्या सगुणाचा होता. तिसऱ्याला तुम्ही मंद म्हणालात, सहाव्याला बेताचा, आणि नववा म्हणे राजवैद्य होणार!"

मापारी पुटपुटला, "मुलं हात हलवतात, महाराज. माप हुकतंच."

"हे तुला ठाऊक होतं?" राजाने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

बुरडीण कडाडली, "यांनी नुसतं मोजलं, महाराज. शिक्का तुमचा होता! वीस वर्षांत किती लेकरं घरी धाडलीत?"

राजाची मान खाली गेली. मापाऱ्याची चाकरी गेली, दोरा चुलीत गेला. गुरुजींनी सगुणाला पाला ओळखायला लावला आणि त्याच दिवशी पाठशाळेत घेतलं. परत पाठवलेल्या सगळ्यांसाठी दवंडी पिटली गेली.

दवंडी ऐकून आले ते मिशा फुटलेले बाप्ये आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया. त्यांतली एक राजासमोर उभी राहिली. "इतकी वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत आले, महाराज. ती वर्षं आता कोण भरून देणार?"



तात्पर्य एवढंच: जे माप दुसऱ्यांदा घेतलं की बदलतं, त्यावर लेकराचं भविष्य ठरवणं हा गुन्हा आहे, आणि ठाऊक असून गप्प बसणारा त्यात भागीदार आहे.