मधली वीस पानं

एकदा एका फौजी गावात एक वृद्ध गुरुजी राहत होते. गाव मोठं अभिमानी, आणि तो अभिमान त्याला शोभायचाही, कारण घरटी एक जवान पलटणीत होता. गावाची एक रीत होती. पेन्शनवर आलेल्या फौजीनं आपली हकिकत स्वतःच्या हातानं वहीत लिहायची आणि गुरुजींनी ती शिवून, पुठ्ठा घालून वाचनालयाच्या कपाटात ठेवायची. भरतीला निघालेला प्रत्येक जण आधी त्या वह्या वाचून जाई. असं कपाट किती गावांत असेल, सांगा बरं!

हवालदार रंगराव हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. सीमेवरच्या लढाईत त्याचा जिवाभावाचा सोबती सोपान त्याच्या मांडीवर गेला. घरी परतल्यावर रंगराव दारूच्या आहारी गेला. सहा वर्षं अशी गेली, मग मोठ्या कष्टानं तो त्यातून बाहेर आला. दोन वर्षं थेंबाला शिवला नाही, तेव्हा कुठे त्यानं वही लिहून गुरुजींच्या हाती दिली.

आठ दिवसांनी बांधलेली वही पाहायला गेला, तर मधोमध वीस पानं कोरी. म्हाताऱ्याची नजर गेली, चुकून घातली असतील, असं त्याला वाटलं. चाचरत तो तसं म्हणालाही.

गुरुजी हसले. "नजर अधू झालीय रंगा, अक्कल नाही. या पानावर सोपान पडतो आणि पुढच्याच पानावर तू बांधावर आंबे लावतोस. मधली सहा वर्षं कुठं गेली?"

रंगरावाची मान खाली गेली. पराक्रमाच्या वह्यांशेजारी आपलं गटारात लोळणं ठेवलं तर गावाचं नाक कापलं जाईल, असं त्यानं कसंबसं सांगितलं.

"चाळीस वर्षं मी या वह्या शिवतोय," गुरुजी म्हणाले. "निम्म्यांत अशीच पानं गाळलेली आहेत. मला कळत होतं, तरी मी गप्प बसलो. म्हणून तू परतलास तेव्हा अख्ख्या कपाटात तुझ्या कामाचं एक अक्षर नव्हतं. गोळीपुढं उभं कसं राहायचं, ते पलटण शिकवते. घरी आल्यावर सोपान रोज डोळ्यांपुढं येऊ लागला तर काय करायचं, हे कोण सांगणार? तिथं तुझ्यासोबत पलटण होती. इथं तू एकटा लढलास आणि जिंकलास. मला तुझा अभिमान आहे, तो या पानांचा."

रंगराव वही घेऊन घरी गेला. पण त्या सहा वर्षांतलं निम्मं त्याला आठवेना. बायकोला, सरूबाईला, मात्र सगळं लख्ख आठवत होतं. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. गुरुजींचं बोलणं ऐकून ती एवढंच म्हणाली, की ते 'एकटा' तेवढं लिहू नका, मी काय झोपले होते? रंगरावानं ते लिहिलं नाही. वही कपाटात गेली.

महिन्याभरानं तो गुरुजींकडे बसला असताना गावातले सर्वांत वयोवृद्ध सुभेदार आले. छाती पदकांनी भरलेला हा माणूस. त्यांच्यापुढं गाव अजून ताठ उभं राहतं. त्यांच्या हातात त्यांचीच तीस वर्षांपूर्वी बांधलेली वही होती. तिची शिवण उसवून मध्ये थोडी पानं घालून द्या, असं ते हळू आवाजात म्हणाले.

"किती घालू?" गुरुजींनी विचारलं.

"दहा." मग त्यांनी रंगरावाकडे पाहिलं. "नको. वीसच घाला."

रंगरावानं उठून त्यांना कडक सलाम ठोकला, आणि गुरुजींनी जुना दोरा कापायला घेतला.