सोळा सेकंदांची खोट

"...म्हणजे नुसता हात आणि सुई बदलून भागेल, की अख्खं यंत्रच नवं घ्यावं, बुवा?"

अण्णाबुवा निगवेकर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांचे दात पडून बारा वर्षं झाली होती. सुपारी आता फक्त पाहुण्यांसाठी.

विचारणारा श्रीपाल लाटकर. कुरुंदवाडच्या याच खोलीत तो बुवांकडे सहा वर्षं गाणं शिकला, आणि मग पिंपरीच्या एका कारखान्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झाला. त्याच्याकडे जर्मन बनावटीचा रेकॉर्ड प्लेअर होता. तो दगडी फरशीवर ठेवलेला असे. तो चालू असताना घरात कुणी पाय वाजवायचे नाहीत, असा नियम होता. श्रीपालची बायको हल्ली मुलीकडे राहते.

"काय झालंय त्याला?"

"तीस वर्षं झाली त्याला. फिरण्याचा वेग हलतोय. सूर थरथरतो."

"सगळीकडे?"

"नाही. तुमच्या पूरियात. दुसऱ्या बाजूला, मी गातो तिथं."

बुवांची आयुष्यात एकच रेकॉर्ड निघाली, ऐंशी साली. तिच्यात मागं तंबोऱ्याला श्रीपाल होता. मध्येच बुवांनी मान हलवून खूण केली आणि तो सोळा सेकंद गायला. पुण्यात त्याच्या घरी चहा प्यायलेल्या प्रत्येक माणसानं ते सोळा सेकंद ऐकलेले आहेत.

"दुसऱ्या रेकॉर्डी लावून पाहिल्यास?"

"उत्तम वाजतात."

"मग हीच खराब झाली असेल."

"तीन प्रती मिळवल्या, बुवा. तिन्हींत बरोबर तिथंच थरथरतो." श्रीपालचा चेहरा खुलला. "म्हणजे दोष यंत्राचाच."

बुवांनी या अभियंत्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"मोटर बदलली. पट्टा बदलला. जितकं सुधारावं तितकं ते जास्तच ऐकू येतं. मुंबईचा कारागीर म्हणतो, हात आणि सुई बदला. पुण्याचा म्हणतो, विकून टाका. रविवारी तुमच्या नव्वदीच्या कार्यक्रमात मी तीच रेकॉर्ड लावणार आहे. तीनशे माणसं येतील. माझ्या... आपल्या गाण्यात खोट राहता कामा नये."

"तंबोरा घे," बुवा म्हणाले.

श्रीपालनं कोपऱ्यातला तंबोरा आणला, गवसणी काढली. पूरियात पंचम नसतो, म्हणून पहिली तार निषादात लावायची. त्यानं ती लावली. चांगली लावली. हात विसरला नव्हता.

"छेडत राहा. आणि मला नव्या यंत्राचं सांग."

श्रीपाल सांगू लागला. रेकॉर्ड ठेवायची तबकडी किती जाड, किती जड. तिच्याखाली तेलाचा पातळ थर असतो. कसलाही धक्का सुईपर्यंत पोचत नाही. बोटं तारांवरून फिरत होती.

बुवा पुढे सरकले. त्यांनी पहिल्या तारेतला, सूर बारीक जुळवायचा मणी एका बोटानं हळूच घोडीकडे ढकलला.

श्रीपाल सुईच्या दाबावर आला होता. दीड ग्रॅम की पावणेदोन, यावर जाणकारांत एकमत नाही, असं तो सांगत होता.

आत बुवांची सून भाकऱ्या थापत होती. तिनं जन्मात कधी 'सा' लावला नव्हता. थापण्याचा आवाज थांबला.

"अहो भावजी, तार उतरलीय की!" ती आतून ओरडली. "ऐकू येत नाही होय?"

श्रीपालची बोटं थांबली.

...

"मणी मी सरकवला," बुवा म्हणाले. "रेकॉर्डिंगच्या दिवशी आपोआप उतरली होती. मी खूण केली, तू तोंड उघडलंस, आणि तार उतरायला लागली. तुझं गाऊन झाल्यावर तू ती लावलीस."

"म्हणजे मी बेसूर..."

"तू सुरात होतास. तार नव्हती. त्या दोघांची घासाघीस तुला थरथर वाटते."

"पण मला कसं नाही..."

"तुझ्या यंत्रात काही खोट नाही, श्रीपाल. फार चांगलं यंत्र आहे."

श्रीपाल तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे बघत राहिला.

"रेकॉर्ड निघाल्यावर तुम्ही मला बोलावलंत. म्हणालात, आता कुठं तरी नोकरी बघ. वडील नुकतेच गेले होते. मला वाटलं, काळजीनं सांगताय."

बुवांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला.

"चव्वेचाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. बुवांना माझ्या घरची काळजी, म्हणून गाणं सोडलं. नाहीतर..."

श्रीपालनं उतरलेली तार एकदा छेडली.

"तुम्हाला तिथंच कळलं होतं?"

"पहिल्याच सेकंदाला."

"मग थांबायचं!" श्रीपालचा आवाज चढला. "हात वर करायचा होता. ती रेकॉर्डिंगची माणसं पुन्हा घ्यायला तयार होती, दिवसभर बसली होती. मी तार लावली असती. एवढीशी तार, बुवा! माझं सगळं..."



बुवांनी तंबोरा त्याच्या मांडीवरून उचलून आपल्याकडे घेतला. मणी जागेवर आणला. चारही तारा एकदा छेडल्या आणि त्यांचा आवाज विरेपर्यंत थांबले.

"त्या दिवशी माझा गळा फार छान लागला होता रे."