दोन मोजून सोड

"मग दोन सेकंद पुरत नसतील तर तीन करू? की सरळ पाच?"

शार्दूलच्या आवाजात चिंता कमी आणि रुबाब जास्त होता. कर्नलमधली, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली, जी चूक त्याला सापडणार नाही ती अजून जन्मायची आहे, असं त्याचं स्वतःचं मत.

त्याला हे काम शिकवणाऱ्या कुमुदताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्यापुढे नवजात बाळांना ऊब देणारी पेटी होती. शुक्रवारी ती सातपुड्यातल्या एका दवाखान्यात जायची होती. पण सुरू होताना कधीकधी तापमापक चालवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या आधीच धावायचा. वीज नाही, म्हणून त्याला तापमापक दिसायचाच नाही. मग बाळ गार पडलं तरी पेटीला पत्ता नाही.

तपासासाठी शार्दूलनं पायरीपायरीला पडद्यावर नोंद छापायला लावली, की पेटी शहाण्यासारखी चाले. छापणं काढलं, की पुन्हा बिघडे.

"छापण्यात वेळ जातो. तिला तेवढाच वेळ हवाय, बस," असं निदान करून त्यानं दोन सेकंदांचा थांबा घातला. टेबलावर पेटी शंभर वेळा चालली. मग ताईंनी तिचा बोर्ड फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढला... गारठ्यात वीज उशिरा आली आणि तापमापक गायब.

"ताई, बोला ना. किती करू?"

"चहा दे आधी."

त्यानं थर्मासमधून ग्लास भरला आणि पुढे धरला.

"दोन मोजून सोड," ताई म्हणाल्या. त्यांचे हात मांडीवरच होते.

"एक... दोन..."

ग्लास त्याच्याच हातात राहिला.

"दोन झाले. सोड की."

"अहो, तुमचा हात कुठंय?"

ताईंनी पेटीकडे बोट केलं.

शार्दूलचे कान तापले. लाज वाटली, अगदी मनापासून. ग्लास टेबलावर ठेवून तो खुर्चीत बसला. थांब्याची ओळ पुसली. तापमापकाच्या ड्रायव्हरला नवी रीत लावून दिली: आधी विचार, वीज आली का. नसेल आली, तर माघारी जा आणि पुन्हा ये.

बोर्ड फ्रिजमध्ये. बाहेर. सुरू. तापमापक दिसला. वीस वेळा केलं, वीसही वेळा दिसला.

"आता किती सेकंद थांबतो तो?" ताईंनी विचारलं.

"मोजले नाहीत."

ताईंनी हात पुढे केला.

"आण तो चहा. गार झाला असला तरी चालेल."