उजवीकडे बघणारे सातशे मोर

बाळ्या सातशे, आणि एकीलाही जोड नाही!

त्र्यंबकशेट पोतदारांनी पेटारा उघडला आणि कपाळावर हात मारला. भालगडच्या सराफपेठेत घाऊक माल आणावा तो त्र्यंबकशेटांनीच. आसपासच्या पन्नास गावांचे दुकानदार त्यांच्याच पेढीवरून दागिने उचलत. या खेपेला त्यांनी मोराच्या बाळ्या मागवल्या होत्या. सोन्याचा एवढासा मोर आणि चोचीत मोती. उजव्या कानाच्या बाळ्या एका पेटाऱ्यात, डाव्या कानाच्या दुसऱ्यात. तो दुसरा पेटारा बंदरावर उतरवताना खाडीत गेला. उरलेली बाळी डाव्या कानात घातली, तर मोर पाठीमागे तोंड करून बसे!

शेटजी चरफडत असतानाच दरबारातून बोलावणं आलं. हौसा पटवेकरीण फिर्याद घेऊन गेली होती.

हौसाचा बाप पेठेत बसून दागिने रेशमात गाठवून द्यायचा. आता त्याला दिसेनासं झालं होतं. त्याच्या जागेवर बसून हौसाला दागिने विकायचे होते, पण त्र्यंबकशेट तिला घाऊक भावात माल देईनात.

"का हो शेट?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, बायकांनी दागिने घालावेत. विकायला डोकं लागतं!" शेटजी हसले. "यांचं काय, चकाकलं की भुलल्या!"

दरबार खदखदून हसला. महाराजही हसले. हौसा तेवढी हसली नाही.

"डोकं आहे की नाही ते बघून घ्या, शेटजी!"

शेटजींना एकदम पेटारा आठवला. "बघतोच! माझ्याकडे सातशे बाळ्या आहेत, सगळ्या उजव्या कानाच्या. दसऱ्यापर्यंत विकून दाखव. वितळवायच्या नाहीत, मोडीत घालायच्या नाहीत, गळ्यातबिळ्यात ओवायच्या नाहीत. बाळी म्हणूनच विकायच्या, एका माणसाला एकच. नाही जमलं, तर बापाची जागा माझी!"

महाराज हट्टी. एकदा गंमत वाटली की मागे हटत नसत. "ठरलं!" ते म्हणाले.

घरी बापाने डोकं धरलं. "अगं, एका कानात बाळी कोण बाई घालील?"

"कोणीच नाही, बाबा."

"मग?"

"मग बायकांना विकायच्याच नाहीत!"

दुसऱ्या दिवशी हौसा पेठेत बसली. लाल मखमलीवर तिने फक्त पाच बाळ्या मांडल्या. बायका आल्या, बघून हसल्या आणि म्हणाल्या, "जोड कुठाय गं?"

"जोड नाही. ही बायकांसाठी नव्हेच."

हे शेजारून जाणाऱ्या भुजंगराव शिलेदारांनी ऐकलं. मिशा एवढ्या मोठ्या, की माणूस मागून येतोय असं वाटावं. घोड्यावरूनच ते ओरडले, "मग काय बैलांसाठी आहे?"

"नाही सरकार. एका कानातच शोभेल असा पुरुष लागतो त्याला. जरा रुबाब लागतो, चेहरा लागतो." हौसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "राहू द्या. सगळ्यांना नाही जमत."

"जमत नाही? मला?"

"तसं नाही... पण लोक हसले तर मला बोल लावाल."

"कोण हसतो ते बघतोच मी! आण इकडे!"

भुजंगरावांनी मागितली ती किंमत मोजली आणि मोर कानात घालून भर पेठेतून मुद्दाम दोनदा घोडा फिरवला. कुणाची हसायची छाती झाली नाही.

संध्याकाळी तीन शिलेदार आले. दुसऱ्या दिवशी तेरा. हौसा प्रत्येकाला आधी नाहीच म्हणे. "तुम्हाला? कठीण आहे हो!" एवढं म्हटलं की माणूस भाव न विचारता कान पुढे करी! चौथ्या दिवशी दरबारी मानकरी आले, मग कारकून आले. पुढे तर पुराणिकबुवाही आले आणि म्हणाले, "आम्हाला हौस नाही, पण चारचौघांत वेगळं दिसणं बरं नव्हे." दसऱ्याच्या आदल्या दिवशी मखमल मोकळी झाली.

दसऱ्याला दरबार भरला. हौसाने रिकामा पेटारा महाराजांपुढे उपडा केला.

"थाप आहे ही!" त्र्यंबकशेट ताडकन उठले. "काही रिकामटेकड्यांनी घेतल्या असतील. बाकीच्या हिने विहिरीत टाकल्यात! अहो, शहाणा पुरुष कधी असलं काही कानात घालतो का?"

महाराजांनी दरबारावरून नजर फिरवली. ज्याच्यावर नजर पडे, तो मान वळवून उजवा कान लपवू बघे.

"शेटजी," हौसा शांतपणे म्हणाली, "आज पगडी एवढी खाली का उतरलीय? तीही उजव्याच बाजूला?"

"वारा... वारा लागतो कानाला!"

"पगडी काढा," महाराज म्हणाले.

शेटजींनी नाइलाजाने पगडी काढली. कानात मोर चमकला!

"काल मुनीमजी आले होते, महाराज," हौसा म्हणाली. "शेटजींच्या व्याह्यांनी घातली, म्हणून यांनाही हवी होती. त्यांचीच बाळी मी त्यांना दुप्पट भावात विकली. घासाघीस केली नाही हो त्यांनी!"

दरबारात खसखस पिकली. महाराज सिंहासनावर पुढे सरकले.

"पोरी, एक सांग. बायका या बाळीकडे बघून हसून गेल्या. मग माझे हे सगळे शहाणे कसे भुलले?"

"सोपं आहे, महाराज! बायका दागिना घेताना आरशात बघतात. पुरुष शेजाऱ्याचा कान बघतात!"

महाराज इतके हसले, की त्यांना उपरणं डोळ्यांना लावावं लागलं. हसता हसता त्यांनी हुकूम सोडला, "बापाची जागा हिची! आणि आजपासून पेठेत घाऊक माल उतरला, की पहिली निवड हौसा करील. शेट, तुम्ही तिच्यानंतर!"

मग ते जरा वाकले आणि हळूच म्हणाले, "एखादी शिल्लक नाही ना?"

"शेटजींच्या कानातली निघेल ना, महाराज," हौसा म्हणाली. "पण तुम्हाला? कठीण आहे हो!"