शेवटच्या रांगेतली रिकामी जागा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे हौशी होते आणि सरदार त्यांच्याहून हौशी.

अशाच एका राजाच्या पदरी रुद्रकेतू आणि सोमदत्त असे दोन सरदार होते. दर दसऱ्याला राजा चौथऱ्यावरून दोनपासून दहापर्यंतचा एखादा आकडा पुकारायचा आणि पायदळाने तितक्या तितक्या माणसांच्या रांगा धरायच्या. सरदार घोड्यावर बसून बघायचे. यंदा ज्याच्या रांगा नीट लागतील, तो सेनापती होणार होता.

सोमदत्ताचे शिपाई पाच हजार चाळीस. राजा सहा म्हणो, सात म्हणो, नऊ म्हणो, त्याच्या रांगा भरलेल्याच. रुद्रकेतूचे शिपाई पाच हजार एकोणचाळीस. कुठलाही आकडा येवो, त्याच्या शेवटच्या रांगेत एक जागा रिकामी राहायची आणि लोक तिच्याकडे बोट दाखवून हसायचे. सोमदत्ताचं कौतुक कानावर आलं की रुद्रकेतूला जेवण गोड लागत नसे.

शेवटी तो दरबारच्या गणितींकडे गेला. "पंत, त्याने काही जादूटोणा केलाय का हो?"

म्हातारे पंत हसले. "जादू कसली? त्याच्या आकड्याला दोनपासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग जातो. तुमचा आकडा मोठा हट्टी. एक आणि तो स्वतः सोडला, तर त्याला कशानेच भाग जात नाही. पण दोघांत अंतर केवढं? एका माणसाचं! एक गडी भरती करा, की तुम्हीही त्याच्यासारखेच."

'त्याच्यासारखेच' हे रुद्रकेतूला झोंबलं. नुसती बरोबरी घेऊन काय करायचं? जळणाऱ्या माणसाला आपलं ताट भरून पुरत नाही, समोरच्याचं रिकामं झालेलं बघायचं असतं. त्याने सोन्याचं कडं देऊन सोमदत्ताचाच एक शिपाई फोडला.

दसरा उजाडला. राजाने पुकारलं, "सात!"

रुद्रकेतूच्या रांगा पहिल्यांदाच पुऱ्या भरल्या. पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. मान वाकडी करकरून तो सोमदत्ताच्या शेवटच्या रांगेतली रिकामी जागा शोधत होता. ती काही सापडेना. तिथे शिपायांच्या खांद्याला खांदा लावून स्वतः सोमदत्त उभा होता. त्याचा घोडा बाजूला गवत खात होता.

"सरदार, तुम्ही रांगेत?" राजाने विचारलं.

"एक माणूस कमी पडला, महाराज. मी रिकामाच होतो."

राजाने तिथल्या तिथे सेनापतीची तलवार त्याच्या हाती दिली. ते पाहून फुटलेला शिपाई शरमला. कडं जमिनीवर ठेवून तो आपल्या जुन्या सरदाराकडे चालू लागला. रुद्रकेतूच्या शेवटच्या रांगेत पुन्हा तीच जागा रिकामी झाली. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं, तरी त्याला घोड्यावरून खाली उतरायचं सुचलं नाही.

तात्पर्य, लहानांसाठी आणि थोडं जास्त मोठ्यांसाठी: दुसऱ्याची रांग मोडायला निघालेल्याला आपल्या रांगेतली स्वतःची जागा दिसत नाही.